फावडी आणि धूर

दादाला जुळं झालं आणि युद्ध माझ्या गळ्यात पडलं.

म्हणजे झालं असं — दादा दर शनिवारी संध्याकाळी फर्निचरच्या दुकानावरच्या खोलीत बोटाएवढे शिशाचे सैनिक घेऊन टेबलावरची लढाई खेळायला जायचा. मी फक्त ‘तो आता येणार नाही’ एवढंच सांगायला गेले होते. पण तिथले पंचकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, “मग त्याची फौज शरण आली असं धरू?”

शरण? आणि आमच्या घरातलं कुणी? मी पर्स टेबलाखाली टाकली आणि बसले.

समोर तो होता. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला लिफ्टवालाच म्हणत. कानामागे पेन्सिल, आणि डोळे... जाऊ दे, डोळ्यांचं नंतर.

“सगळ्या मशिनगन एकाच तुकडीत?” तो हळूच म्हणाला. “ती अडकली की संपलंच. तिन्ही तुकड्यांना एकेक वाटून द्या ना.”

“शत्रूला कुणी विचारलंय?”

“कुणीच नाही. शत्रूलाच राहवत नाहीये...”

अगं बाई! मी पटकन खाली पाहिलं. हिरव्या कापडाच्या टेकड्या, कापसाचा धूर, वर एकच पिवळा दिवा. खिडकीबाहेर धुकं इतकं दाट की जगात तेवढं टेबलच उरलंय असं वाटावं.

मग शनिवार येत राहिले. प्रत्येक लढाईनंतर गुण मिळत, त्या गुणांत फक्त पुढच्या लढाईपुरती शस्त्रं घ्यायची, आणि घेतलेलं शस्त्र सैनिकाच्या हातात चिकटवलेलं दिसलं पाहिजे. मी चष्म्याच्या दुकानात काम करते, बारीक स्क्रू बसवायचा हात आहे माझा. तो वाकून बघत बसायचा.

“सैनिक बघा. माझी बोटं काय बघताय?”

“सैनिक काय, रोजचेच आहेत.”

त्याचा एखादा सैनिक पडला की तो उचलताना पुटपुटायचा, “सॉरी रे.” पडलेला पुन्हा खेळात येत नसे ना! एवढा मोठा माणूस, आणि शिशाच्या बाहुल्याची माफी मागतोय... मी तिथेच गारद झाले.

आणि एका संध्याकाळी पंचकाकांनी जाहीर केलं, “पुढच्या शनिवारी शेवटची लढाई. निकाल लागला की टेबल दुसऱ्या जोडीला.”

 युद्ध संपलं की हा मला कशाला भेटेल? आमच्या घरी तर बिघडायला लिफ्टसुद्धा नाही!

मग मी काय केलं? तोफेपुरते गुण होते, ते सगळे फावड्यांवर आणि धुराच्या नळकांड्यांवर उडवले. खंदक खणायचे, धुरात दडून बसायचं, लढाई लांबवायची. निकाल लागला नाही तर ती पुढच्या शनिवारी चालू राहते, असा नियम होता. फक्त त्याने तोफा आणल्या तर तासाभरात माझा निकाल लागणार होता.

शनिवारी त्याने पेटी उघडली. मी श्वास रोखून पाहिलं...

फावडी. एकूणएक सैनिकाच्या हातात फावडं!

पंचकाका एकदा त्याच्या फौजेकडे, एकदा माझ्या फौजेकडे बघत राहिले. “अरे, लढायला आलात की विहीर खणायला?” खोलीत हशा पिकला. “हल्ला करायला दोघांकडे काहीच नाही. बरोबरी! तोही निकालच. टेबल रिकामं करा.”

झालं. दोघांनी मिळून आमचेच शनिवार संपवले होते.

आम्ही गुपचूप सैनिक गोळा करू लागलो. 

“तुम्ही... फावडी का घेतलीत?” त्याने विचारलं.

“आधी तुम्ही सांगा.”

“संपू नये म्हणून,” तो म्हणाला. कान लाल झाले होते बिचाऱ्याचे. “तुम्ही?”

आता मात्र माझा संयम सुटला. “मला तू आवडतोस म्हणून! तुला पुन्हा बघायला मिळावं म्हणून मी दादाची सगळी फौज खड्ड्यात घातली. आता बोल!”

तो नुसता बघत राहिला — हेच ते डोळे, ज्यांचं मी नंतर सांगणार होते, आणि अजूनही मला ते सांगता येत नाही.

“पुढच्या शनिवारी भेटशील?” शेवटी तो म्हणाला. “टेबलाशिवाय?”

“शनिवारपर्यंत कोण थांबणार?” मी म्हटलं. “उद्या.”