फुंका, अजून फुंका

तो आमच्या खोलीत शिरला तो चुकून. त्याला हवी होती माइकच्या कपाटाची किल्ली, आणि इथे मी एका मुलीच्या नाकाला चिमटा लावून, तोंडात नळी देऊन, "फुंका ना... जरा अजून..." असं कुजबुजत होते. तो दारातच हसला. माझे कान तापले.

खरं तर हसण्यासारखं काही नव्हतं. फुप्फुसांची ताकद मोजायची तर सलग सहा सेकंद, पोट पाठीला लागेपर्यंत फुंकावं लागतं. तसं कुणी आपणहून फुंकत नाही, मोजणाऱ्याने शेजारी उभं राहून ओरडावं लागतं. आणि मला लहानपणापासून ओरडताच येत नाही. प्रबंधासाठी मी मोजलेले तीस विद्यार्थी दोन-तीन सेकंदांतच थांबले होते. तुझ्या कागदांवरून अख्खं कॉलेज आजारी दिसतंय, असं म्हणून माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सगळे बाद केले. शनिवारपर्यंत तीस नवे, नाहीतर प्रबंध पुढच्या वर्षी.

हे सगळं मी त्या अनोळखी मुलाला का सांगितलं, देव जाणे. तो मैदानावर सामन्यांचं समालोचन करायचा. म्हणाला, ओरडायचं माझ्याकडे लागलं.

तीन दिवस तो ओरडला. पोरं घाबरून फुंकायची. मी आकडे लिहायचे... मध्येच मान वर करायचे. तो माझ्याकडेच बघत असायचा, आणि नेमका तेव्हाच त्याचा आवाज अडखळायचा.

शनिवारी एकोणतीस झाले. तिसावा आलाच नाही. मग त्यानेच चिमटा लावला, नळी धरली — आणि दोन सेकंदांत थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कुणी ओरडलंच नाही."

मॅडम पाचला निघणार होत्या. मी उठले. तीनदा फुंकायचं असतं, तिन्ही वेळा मी खोली डोक्यावर घेतली. "फुंक. थांबू नकोस. अजून, अजून, अजून —" अहो-जाहो कुठल्या कुठे पळालं. दारात गर्दी जमली.

शेवटचे सहा सेकंद भरले, पण आवाज खाली आणायचं मला भानच नव्हतं. त्याच पट्टीत मी म्हणाले, "आणि काम संपलं तरी येत जा. मला तू आवडतोस."

सगळ्यांनी ऐकलं. एरवी बोलण्यात कुणाला हार न जाणारा तो टेबल धरून धापा टाकत होता. बोलायला श्वासच उरला नव्हता. त्याने नुसतं माझं मनगट धरलं आणि मान हलवली... एकदा, दोनदा, मग थांबेचना.