गुरुवारच्या दुपारचं ओलं कुंकू

कुणी विश्वास ठेवणार नाही. पैज लावतो.

कुरुळी फाट्याला बस अडकलीय, अर्धा तास काही हलत नाही. तेवढ्यात सांगतो. पण एक अक्षर खोटं नाही, हे आधीच ऐकून ठेवा.

गेल्या दसऱ्यानंतरचा गुरुवार. कंपनीला सुट्टी. भर दुपारचे बारा.

अख्खं मशीन शॉप बंद. एरवी शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या दिवशी माझ्याच चपलांचा आवाज मला ऐकू येत होता...

टेस्टिंग रूममधला जुना युनिक्सचा कॉम्प्युटर तुम्ही पाहिलाय. पंचवीस वर्षं गिअर तपासतोय. तो चालवायचा भिवा. त्याच्या हाताखाली मी. भिवा गेल्या उन्हाळ्यात हार्टनं गेला आणि खोलीची किल्ली माझ्या कमरेला आली.

तर साहेबांनी आणली प्राजक्ता. वय सव्वीस. त्या कॉम्प्युटरच्या डब्यात नेटवर्क कार्ड बसवायचं, म्हणजे रिपोर्ट थेट ऑफिसात दिसणार. शुक्रवारच्या पहिल्या शिफ्टला दिसले, तर मशीन तिचं. किल्लीसुद्धा तिची.

मला काय त्याचं! मला मत्सर? छे.

पण भिवाला... भिवाला खपलं नाही.

"दत्तोबा, गेलेल्या माणसाला कशाला मधी घेता?"

सोपानराव, ऐका तर.

पोरीनं झाकण काढलं. कार्ड बसवलं. मशीन चालू केलं. हे जुनं मशीन सुरू होताना आपल्या पोटात काय काय आहे, त्याची एकेक ओळ पडद्यावर लिहितं. डिस्क आली. टेप आली. प्रिंटर आला.

कार्डाची ओळ...

नाहीच.

"नंबर दुसऱ्या कुणाशी भांडत असेल, काका," ती म्हणाली. प्रत्येक कार्डाला आपला वेगळा नंबर लागतो म्हणे. तिनं नंबर बदलला, सिस्टीम नव्यानं बांधली, मशीन परत चालू केलं. डिस्क. टेप. प्रिंटर.

नाही.

कार्ड काढून न बघताच शेजारच्या खाचेत घातलं. नाही.

दोन वाजले. ती डबा खायला गेली. मी दारात बसून राखण. आत कुणी गेलं नाही, गळ्याची शपथ.

आणि आवाज आला...

ठक. ठक.

मशीनच्या लोखंडी डब्यावर दोन टिचक्या. मशीन चालू करण्याआधी भिवा अशाच मारायचा. बरोब्बर दोन.

मान वळवली. खुर्ची रिकामी. पण गादी दबलेली... आत्ताच कुणी उठल्यासारखी.

प्राजक्ता आली. चालू केलं. ओळ नाही. तिनं कार्ड उपसून उजेडात धरलं आणि तिचा चेहराच उतरला.

कार्डाच्या सोनेरी दातांवर कुंकू.

ओलं.

तेलात कालवलेलं, बोटानं ओढलेलं.

"काका, दातांवर असलं काही बसलं की मशीनला कार्ड दिसणारच नाही. लावलं कुणी हे?"

मी म्हटलं, "पोरी, भिवानं. आपल्या मशीनला परका हात नको, म्हणून त्यानं खूण केलीय."

हसली नाही ती. खोडरबर घेऊन दात घासले, लख्ख केले, कार्ड बसवलं. बाटली भरायला गेली, दोन मिनिटं असतील...

ठक. ठक.

परत उपसलं. परत कुंकू. या खेपेला जास्त.

पण पोरगी हट्टी हो! तिनं मशीन चालू करून त्यालाच विचारलं, आत्ता तुझ्यावर काम कोण कोण करतंय? तसा हुकूम असतो त्यात.

पडद्यावर दोन नावं आली.

प्राजक्ता.

भिवा...

पर्स उचलून ती जी निघाली, ती गेटपर्यंत थांबली नाही. शुक्रवारी रिपोर्ट काही दिसले नाहीत. साहेबांनी तिला गोडाऊनला पाठवलं, खोकी मोजायला.

किल्ली अजून माझ्याकडे. भिवाची मर्जी, दुसरं काय? रोज दार उघडताना पाठीवर गार हात जाणवतो... कौतुकाचा असावा. पण मी मागं वळून बघत नाही.

"भिवानं कुंकू लावलं व्हय?"

कोण रे मागून?

समाधान? भिवाचा समाधान? तू कधी बसलास या बसला?

"चाकणलाच. टोपी तोंडावर घेऊन पडलो हुतो. आता ऐका माझं. दत्तोबाकाका, आमी बौद्ध. माझ्या बापानं उभ्या जन्मात कुंकवाला बोट लावलं न्हाई. दसऱ्याला तो देहूरोडच्या विहारात असायचा. म्हणून तर त्या मशीनची पूजा दरसाल तुमी करायचा. आन लोखंडावर टिकावं म्हणून कुंकू तेलात कोण कालवतं, ते सगळ्या शॉपला माहीत हाय. दाराजवळच्या दुसऱ्या कीबोर्डवरनं बापाच्या नावानं मशीनमधी शिरायचा पासवर्डबी तुमालाच ठावं हाय. त्या ताईचं काम तुमी घालवलंत काका. आन नाव लावलंत माझ्या मेलेल्या बापाचं."