उघड्या झाकणाची केटल

केटल निवडायला मी तीन आठवडे घेतले. मुलगी पाहायला आलात तेव्हाही एवढा घोळ घातला नव्हता, असं माझी बायको भावना म्हणाली. पण कोराडीच्या वीज केंद्रात माझं कामच रिले तपासण्याचं आहे. बिघाड झाला की वीज वेळेवर तुटते की नाही, तेवढं पाहायचं. आपोआप बंद होत नाही त्या वस्तूवर माझा विश्वास नाही.

आणि प्रश्न मायचा होता. माझी माय सिंधूताई, वय चौऱ्याहत्तर. आम्ही दोघं कामावर गेलो की घरी एकटी. दिवाळीनंतर दोनदा तिनं गॅस सुरू केला आणि पेटवायचं विसरली. दुसऱ्यांदा शेजारच्या प्रेमिलाबाईंना वास आला म्हणून निभावलं. मग निघताना मी रेग्युलेटर काढून कपाटात कुलूपबंद ठेवू लागलो. मायचं जेवण निम्म्यावर आलं. दुपारचा चहा हातातून गेला आणि ती आपल्याच घरात पाहुणी झाली. मला ते बघवेना.

सीताबर्डीच्या दुकानात काचेची केटल देखणी होती, पण तिच्या हातून निसटली असती. प्लास्टिकची नुसती उघडली तरी वास मारत होती. शिवाय आमचा चहा दूध घालून उकळलेला. बुडात उघडी कॉइल असली की दूध करपणार. शेवटी रुंद तोंडाची, आतून सपाट स्टीलची, उकळी आली की आपोआप बंद होणारी घेतली. माय पुन्हा पोटभर जेवू लागली. मी गंगेत घोडं न्हालं म्हणालो.

महिन्याभरानं एका रविवारी तिला चहा करताना पाहिलं. झाकण उघडंच. चहा डोळ्यांसमोर उकळल्याशिवाय तिला तो चहा वाटत नाही. झाकण उघडं असलं की वाफ बटण वर उडवणाऱ्या आतल्या पट्टीपर्यंत पोचत नाही आणि केटल बंदच होत नाही. मी पाणी ठेवून पाहिलं. सहा मिनिटं खळखळत राहिलं. शेवटी बटण मीच वर केलं.

पण रोज तर घरी आल्यावर ओटा कोरडा असायचा, प्लग काढलेला असायचा. बंद करायची आठवण कशी राहते, असं मी तिला विचारलं.

"तूच तं फोन करते ना गा रोज," ती म्हणाली. "माय, चहा वर येऊन राहिला, बंद कर, म्हणते."

तिच्या चहाच्या वेळी, चार वाजता, माझा फोन कामावर लॉकरमध्ये असतो. चाचणीच्या खोलीत तो नेताच येत नाही. मायनं तिचा फोन पुढे केला. माझं नाव, रोज चार वाजून बारा मिनिटं. माझ्या फोनमध्ये त्यातला एकही कॉल नव्हता.

दोष शोधायचाच मला पगार मिळतो. मंगळवारी रजा टाकली, फोन बंद करून टेबलावर समोर ठेवला. मायनं झाकण उघडं टाकून चहा चढवला, खिडकीशी मेथी निवडायला बसली आणि विसरली. दूध वर येऊ लागलं. मी मुद्दाम उठलो नाही.

तिचा फोन वाजला.

पडद्यावर माझं नाव होतं. माझा फोन माझ्यापुढे बंदच पडला होता.

"हो गा, करतो बंद," माय म्हणाली. उठली, बटण वर केलं, प्लग काढला.

कोण आहे, मी विचारलं.

तिनं फोन कानाशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"तो म्हणून राहिला, तू आता रजा नको घेत जाऊ. मायकडे मी पाहतो."

मी घाबरायला हवं होतं. पण खरं सांगतो, दिवाळीपासून पहिल्यांदाच जिवाला स्वस्थ वाटलं. लाज वाटावी इतकं हलकं वाटलं.

मी कपात चहा ओतून घेतला. चहा फक्कड झाला होता. माय अजून फोनवरच होती, आणि माझ्याशी कित्येक वर्षांत हसली नव्हती तशी हसत होती.