मापाचा ब्लाउज

"चेन अटकली आहे," मी म्हणाले.

"बॅगची का सीटची?" त्यानं मान वर न करताच विचारलं.

"माझी."

आता त्यानं मान वर केली. समोर मी, होमगार्ड रविता रहांगडाले. भर दुपारी गळ्यापर्यंत चादर गुंडाळलेली, घामानं निथळणारी. मागं स्कूटी धरून माझी वहिनी, हसू दाबता दाबता लाल झालेली. गोरेगावचा बाजाराचा दिवस, रस्त्यावर ही गर्दी... अन् चादरीच्या आत मी एका काळ्या रबरी सुटात अडकलेली. पाठीवरची चेन ना वर जाई, ना खाली येई. लेडीज टेलरबाई मंडईसाठी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेसाठी, माहेरी गेलेल्या. सुई-दोऱ्याचं उघडं दुकान एकच होतं, पटले सीट कव्हर.

"आत या," तो म्हणाला. "वहिनी, तुम्हीही या जी."

आत ट्रॅक्टरच्या सीटा, रेक्झिनचे गुंडाळे, रबर चिकटवायच्या सोल्युशनचा वास. तो म्हणजे हेमेंद्र पटले. उंच, काडीसारखा बारीक, कानावर खडू खोचलेला. मी पाठ केली, चादर खांद्यावरून सोडली अन् डोळे घट्ट मिटले. आता हा हसणार. सगळेच हसतात.

तो हसला नाही. मेणबत्तीचा तुकडा चेनवर घासत म्हणाला, "श्वास सोडा... अजून... धरून कायले ठेवता जी? हवा फुकटच आहे."

मलाच हसू फुटलं, श्वास सुटला अन् चेन सर्रकन खाली आली. आत टी-शर्ट होता म्हणून बरं!

"पण हे आहे काय?" रबर बोटांनी ताणून पाहत त्यानं विचारलं.

"सिलिंडर लावून खोल पाण्यात उतरताना घालायचा सूट. मी जिल्ह्याच्या बचाव पथकात आहे. इटियाडोह धरणावर ट्रेनिंग चालू आहे आमचं."

"बाप्पा! भेव नाही लागत?"

"पाण्याचं? पाण्यात त मी हलकी असते."

बोलून गेले अन् जीभ चावली. पण खरंच सांगते, लहानपणी दवनीवाड्याच्या तळ्यातून मला बाहेर काढायला मायला काठी घेऊन यावं लागे. जमिनीवर सगळे म्हणत, 'हळू बस, खाट मोडशील.' पाण्यात कोणी काही म्हणत नव्हतं. म्हणून पथकात नाव लागलं तेव्हा मी घरभर नाचले होते. आता मात्र थंडी पडली होती. सुटाशिवाय सर कोणाला पाण्यात उतरू देत नव्हते, अन् डिसेंबर लागताच परीक्षा. सूट नाही तर परीक्षा नाही, अन् परीक्षा नाही तर पथकातून नाव कमी. बाकी पोरांचे सूट बरोबर बसले होते. माझाच तेवढा...

"कंपनीनं माप चुकवलं," मी सांगून टाकलं.

हेमेंद्रनं सूट उलटा करून पाहिला. "नाही जी. काम एकदम पक्कं आहे. हा सूट ज्या पोरीचा आहे, तिला बरोबर बसेल. पण ती कोण आहे?"

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"मीच," मी पुटपुटले. "बारावीतली."

त्याचं असं झालं. आमच्याकडं बाई टेलरला अंगावर माप घेऊ देत नाही. एक जुना ब्लाउज देते, त्याला म्हणतात मापाचा ब्लाउज. त्याच्यावरून टेलर शिवतो. लग्न जुळलं की पोराकडचेही पोरीच्या घरून मापाचा ब्लाउज मागवतात, अन् तो मागवला की समजायचं, गोष्ट पक्की. माझा अजून कोणी मागवला नव्हता. तीन ठिकाणचे पाहुणे पोहे खाऊन गेले अन् निरोप आला, पोरगी चांगली आहे पण अंगानं भारी आहे. पथकातल्या बाबूनं सुटाचं माप मागितलं, तेव्हा मी घरी येऊन पेटीतला ब्लाउज टेपनं मोजला अन् आकडे पाठवून दिले. पेटीत नवा ब्लाउजही होता. मी जुना, बारावीतला मोजला. मला ते आकडे आवडत होते, दुसरं काय!

हेमेंद्रला मी एवढंच म्हणाले, "वाढवता येईल का?"

"येईल. पण असलंच रबर पाहिजे. अन् माप द्यावं लागेल."

रबर मिळालं. पथकात एक फाटका नारंगी सूट पडला होता, तो मी आणून दिला. माप मात्र दिलं नाही. "अंदाजानं करा ना," मी म्हणाले.

"सीट अंदाजानं होते जी. माणूस नाही होत."

"करा म्हटलं ना!"

त्यानं केलं बिचाऱ्यानं. बगलेपासून खाली दोन्ही बाजूंनी नारंगी पट्ट्या लावल्या. आधी सोल्युशन, मग अशी शिलाई की धागा आरपार जाऊ नये, नाहीतर पाणी शिरतं. मी खुशीत इटियाडोहला गेले. पण अंदाज सैल निघाला. खाली उतरताच गार पाणी पाठीतून भसकन आत शिरलं. वर आले तेव्हा दात वाजत होते. सर म्हणाले, "रविता, सूट नीट करून आण. परीक्षेला असा चालणार नाही."

दुसऱ्याच दिवशी मी दुकानात जाऊन भांडले. "सैल झाला! काऊन केला सैल?"

"माप न देता भांडाले कशी येता हो तुम्ही?" तो पहिल्यांदा चिडला. "लपवता कोणापासून? मी त रोज पाहून राहिलो तुम्हाले!"

बोलला अन् कानापर्यंत लाल झाला. मीही. बाहेर एस.टी.चा हॉर्न वाजला, तेवढंच बरं.

"रोज?" मी हळूच विचारलं. "मी त आज चौथ्यांदा आले."

"मंगळवारी परेडला जाता. शनिवारी भाजी घेता. वांगे हातात घेऊन इतका वेळ पाहता का विकणाराच कंटाळते."

मी टेप उचलला. दुकानाच्या कोपऱ्यात रेक्झिनचा एक मोठा पडदा टांगलेला होता, त्याच्या आड गेले.

"लिहा," मी आतून म्हणाले. "छाती—" अन् आकडा सांगितला.

खडू वाजला नाही. "खरा सांगा," तो अगदी हळू म्हणाला.

मी डोळे मिटले अन् खरा सांगितला. मग कंबर. मग मांडी. आजवर मायलाही सांगितले नव्हते हो! बाहेरून फक्त खडूचा आवाज. ना 'बाप्पा', ना 'अरे देवा'. शेवटचा आकडा सांगितला तेव्हा मला एकाएकी इतकं मोकळं वाटलं की रडूच आलं.

"पाठ राहिली," तो म्हणाला.

"पाठ मला नाही मोजता येत."

बाहेर खडू खाली ठेवल्याचा आवाज. मग— "मी येऊ?"

"...या."

त्यानं टेप या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत ठेवला. त्याचा श्वास मला ऐकूच येईना.

"श्वास सोडा," तो म्हणाला.

"तुम्हीच सोडा आधी," मी म्हणाले.

परीक्षेच्या दिवशी थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. मी सूट चढवला. चेन एका हातात वर गेली. हात वर केला, खाली वाकले, बसले, उठले. कुठं ओढ नाही, कुठं पोकळ नाही. पोरं म्हणाली, "ताई, पट्ट्या भारी आहेत!" मी धरणात उतरले. पाणी कानाशी आलं, डोक्यावरून गेलं, पण आत भसकन शिरलं नाही. तळाच्या चिखलात सरांनी टाकलेलं लोखंडी कडं हाताला लागलं अन् मला पाण्यातच हसू आलं. वर आले तेव्हा सर टाळ्या वाजवत होते. "पास!" ते ओरडले. "अन् हा सूट कोणी केला?"

मी काठाकडं पाहिलं. हेमेंद्र आला होता! पण पाण्यापासून केवढा दूर, पार गाडीरस्त्यावर, बाभळीला धरून उभा.

मी सूट घालूनच टपटप पाणी सांडत वर गेले. "इतक्या दूर काऊन?"

"मले पोहता नाही येत," तो म्हणाला. "पण तुम्ही खाली होत्या ना, तेव्हा दोनदा धावत पाण्यापर्यंत जाऊन आलो."

"तुम्हीच बुडाला असता तर वाचवायला मलाच यावं लागलं असतं."

"म्हणूनच गेलो."

मी हसले. तो नाही हसला. खिशातून हात काढला, परत घातला. "ते... मायनं एक काम सांगितलं आहे."

"काय?"

"म्हणते... त्या पोरीकडून मापाचा ब्लाउज आण."

माझ्या कानांत अजून पाणी होतं, पण एवढं नीट ऐकू आलं. छातीत असं धडधडायला लागलं की वाटलं, सुटाच्या शिलाया उसवतात आता.

"आधी पाहायला यावं लागते," मी कशीबशी म्हणाले.

"रोज पाहून राहिलो, सांगितलं ना."

"अन् माप त तुमच्याकडं आहे. मायले देऊन द्यायचं होतं."

त्यानं मान हलवली. "ते सूट झाला त्याच दिवशी पुसलं. तुम्ही मले सांगितलं होतं. दुसऱ्या कोणाले कसं देऊ?"

खाली पोरं हाका मारत होती, चहा आला होता. पेटीतला बारावीचा ब्लाउज मला आठवला. त्याची पोतेरी करून टाकायची, मी ठरवलं.

"मायले सांग," मी म्हणाले, अन् तुम्ही-बिम्ही कुठल्या कुठं गेलं, "ब्लाउज नाही पाठवत मी. टेप काढून ठेवा म्हणावं. रविता स्वतःच येऊन राहिली."