मूकपटातल्या बाईचा आवाज

खोटं वाटत असेल तर खुशाल पुढची गोष्ट वाचा. पण हे माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत घडलंय... भर दुपारी, डबिंग स्टुडिओच्या काचेच्या खोलीत.

आत्या डबिंग करायची. दुसऱ्यांच्या ओठांना आवाज द्यायचा, त्यावरच तिचं पोट. पण नव्या पोरी आल्या आणि तिचं काम आटलं. म्हणून कलामहर्षीने बोलावल्यावर तिला नाही म्हणवेना.

'कलामहर्षी' ही पदवी त्या दिग्दर्शकाने स्वतःच स्वतःला दिलेली. डोक्यावर विग. विगाखाली काहीच नाही.

त्याला एका मूकपटाला आवाज चढवायचा होता. त्यातली नटी एके काळी तुफान गाजलेली. मग बोलपट आले. तिच्या आवाजाची चाचणी घेतली, चार टिकोजीराव फिदीफिदी हसले आणि बाई घरी बसली... मरेपर्यंत.

"मी तिला वाणी देतोय!" कलामहर्षी म्हणाला. "वरून आशीर्वाद देत असेल मला."

पडदा उजळला. प्रेमप्रसंग. पाटीवर अक्षरं, 'नाथ, तुमच्याविना प्राण जाईल.'

आत्याने सवयीने ओठ वाचले... आणि तिला हसूच फुटलं.

मूकपटात ऐकतंय कोण? नट्या तोंडाला येईल ते बोलायच्या. ही नायकाला म्हणत होती, "लांब हो मेल्या, तोंडाला घाण येते."

आत्याने गंमत म्हणून तेच माईकवर म्हटलं. ओठांवर अगदी चपखल बसलं.

"ओ बाई, पाटीवरचं म्हणा!" कलामहर्षी खेकसला. "पुन्हा!"

तोच तुकडा पुन्हा लागला.

पण ओठ... वेगळेच हलले.

"त्या बावळटाला सांग, विग सरकलाय."

पडद्यावरच्या नायकाने तर शिरस्त्राण घातलं होतं.

आत्याने काचेपलीकडे पाहिलं. कलामहर्षीचा विग कानावर आला होता.

तिला बोलायचं नव्हतं. तरी तिचं तोंड उघडलं... आणि तिने ते म्हटलं.

साउंडवाला फिस्सकन हसला. आत्याने मात्र हेडफोन काढून ठेवला.

"साहेब, मला नाही जमणार."

"आता गेलात तर पुन्हा काम मिळणार नाही!"

"नको मिळू दे."

"काय अवघड आहे त्यात? मीच करतो!" म्हणत कलामहर्षी आत घुसला. कमरेवर हात ठेवून, गळा बारीक करून म्हणाला, "नाथ..."

तेवढंच.

पुढे त्याचे ओठ हलत राहिले. आवाज नाही.

"सर, बोला ना!" साउंडवाला बटणं पिळत ओरडला.

सर बोलतच होते.

पडद्यावर ती नटी हसत होती. त्या तुकड्यात ती हसतच नाही...

डॉक्टर म्हणाले, गळा ठणठणीत आहे. कलामहर्षी तरीही सत्कार सोडत नाही. परवाच्या सत्कारात त्याने भाषण ठोकलं. माईकवाल्यांनी माईकवर माईक बदलले, चिडीचूप! लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्याचं भाषण इतकं सुसह्य कधी झालंच नव्हतं.

आत्या मागच्या रांगेत होती. तिची नजर त्याच्या ओठांवर गेली... आणि ती पांढरीफटक पडली.

ते भाषण नव्हतं.

"तू का गं उठून गेलीस? या ठोंब्याच्या आवाजाचं काय लोणचं घालू? मला तुझाच हवाय..."

आत्या तडक घरी आली. दार लावून घेतलं.

तेव्हापासून ती आमच्याशीसुद्धा कुजबुजतच बोलते.

कुणीतरी ऐकेल म्हणून...