खालचं बटन

“ते खालचं बटन काढाचं नाही म्हणजे नाही!” गोपिका नवऱ्यावर ओरडली.

“काहून वं? नंदिनीची खोली आहे ना आता? पोरीले शॉक लावतं का?” सुशीलही चढला.

मी दारातच उभी होते, पोरांनो. विरजण मागायला वर गेले होते, भांडण ऐकायला नव्हे. सदरमधल्या आमच्या जुन्या बिल्डिंगीत मी खाली, हे वर. ती खोली सुशीलच्या आईची, पार्वतीबाईची. दोन वर्षांपूर्वी तिथंच गेली. खुबा मोडल्यापासून उभं राहता येईना, बसल्या बसल्या जमिनीवरून घसटत जायची. अंधाराला जन्माची भ्यायची. म्हणून हाताला लागेल असं बटन भिंतीला खाली लावून घेतलं होतं. ती गेली, त्यानंतर त्या खोलीत कोणी झोपलं नाही.

आता सुशीलनं वायरिंग नवं करायला काढलं होतं. जुन्या फरशीवर सागवानी पट्ट्या बसल्याही होत्या.

“मार्तंड, बुजव गा ते!”

मार्तंड वायरमन. त्यानं एकदा गोपिकेकडे पाहिलं, वायर ओढून काढली, भोकावर पुट्टी फासली.

“मग माही पोर इथं निजणार नाही,” गोपिका म्हणाली.

“मी निजतो. पाहू तुझं भूत.”

“भूत मी म्हटलं का जी?”

सुशीलनं गादी उचलून त्या खोलीत टाकली.

मारबतीची रात्र होती. दिवसभर लोकांनी मारबतीचे पुतळे मिरवत, घसा फोडून ईडापीडा गावाबाहेर घालवली होती. सुशीलनं वरचं नवं बटन बंद केलं आणि गादीवर पडला. पुढचं त्यानंच मला सांगितलं, मी पदरचं घालत नाही.

फरशी मुकी असते. लाकूड बोलतं.

घस्स...

थांबलं.

घस्स...

कोणी बसल्या बसल्या पुढं सरकावं, तसं. आईचा पलंग असायचा त्या जागेपासून भिंतीकडे. मग भिंतीवर, अगदी खाली, नखं. खरवड... खरवड... शोधत होती. सापडेना. खरवड वाढली. मध्येच एक हुंदका, लहान पोरासारखा.

मग शांत.

सुशीलला उठून लाइट लावायचा होता. बटन उभ्या माणसाच्या उंचीवर, खोलीच्या त्या टोकाला. मधे ते लाकूड. पाय खाली टाकवेना.

घस्स...

आवाज वळला होता.

घस्स... गादीपाशी.

बोटं. कोरडी. गार. त्याच्या कपाळावर. भुवईवर. मिटलेल्या डोळ्यांवर.

...चाचपत.

...दाबून पाहत.

सकाळी गोपिकेची हाक ऐकून मी धावत वर गेले. भिंतीतली पुट्टी उकरलेली, नव्या लाकडावर पांढरा चुरा. सुशील गादीवर ताठ बसलेला. तोच पांढरा चुरा त्याच्या कपाळावर होता. दोन्ही पापण्यांवर होता.

आणि तरी बाप्या भांडायला उठला!

“तूच आली होती रातीले! बटनासाठी मले भेव दाखवाले! सांग, तूच होती ना?”

गोपिकेनं पदरानं त्याच्या पापण्या पुसल्या. आवाज चढवला नाही.

“आई गेल्यापासून रोज सकाळी या खोलीतला लाइट मी बंद करत होती जी... रातीले लावत कोणीच नव्हतं.”