रिकाम्या पुलीवरचा भार

मोटर आजारी पडली की आधी कानाला कळतं. पेचकसाचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची. गुरगुर आली की समजायचं, बेअरिंग गेलं. हे मला कुणी शिकवलं नाही. नवऱ्याच्या दुरुस्तीच्या दुकानात बसून बसून शिकले. तो म्हणतो, माझं म्हणणं इतक्या निमूटपणे कधी ऐकलं नाहीस.

त्या दुपारी तो माल आणायला गेला होता. हातगाडीवर मोटर घालून पाळणेवाला आला. खाणीत माणसं उतरवायचा, चढवायचा पाळणा तो याच मोटरवर चालवायचा. खाणीत पाणी शिरलं त्या दिवशी पाळणा रिकामाच वर आला. त्याचा धाकटा भाऊ खाली राहिला तो राहिलाच. खाण बंद झाली, मोटर यानं भंगारातून सोडवून आणली. तक्रार एकच होती: चालू केली की रिले पडतो.

रिले पडतो म्हणजे मोटरवर झेपणार नाही इतका भार आहे. तिला वाचवायला तो वीज तोडतो. पण हिच्या पुलीवर साधा पट्टाही नव्हता. बोटानं फिरवली, लोण्यासारखी फिरली. मग चालू केली. मीटरचा काटा चढत गेला, भरलेला पाळणा ओढावा तसा. पेचकसातून गुरगुर आली नाही. ताणलेल्या दोराची करकर आली, आणि पाणी ठिबकल्याचा आवाज.

खट्. रिले पडला.

पुली थांबली. मग आपली आपण उलटी फिरू लागली, सावकाश, वजन खाली जावं तशी.

पाळणेवाल्यानं डोळे मिटले. "गेला परत खाली. ताई, दर वेळी हा रिले त्याला सोडून देतो."

मी सांगितलं, रिले वगळला तर वाइंडिंग जळेल. मग ओढायला काही उरायचं नाही. तो म्हणाला, "एकदाच." मलाही पाठचा भाऊ आहे. मी तारा थेट जोडल्या.

काटा चढला तो उतरेना. जळका वास सुटला. माझा हात बटणाकडे गेला.

"बंद करू नका," तो म्हणाला. "आलाय जवळ."

काटा एकदम खाली आला.

मोटर हलकी फिरू लागली. मी बटण दाबलं. पुली थांबली, उलटी फिरली नाही.

मोटर गार झाली, ती परत हातगाडीवर चढवायची होती. एवढं धूड एकट्याला उचलायचं नाही, म्हणून मी हात लावायला पुढे झाले.

"राहू द्या, ताई."

त्यानं अलीकडची बाजू धरली. "नीट धर रे," तो हळूच म्हणाला.

पलीकडची बाजूही उचलली गेली, त्याच उंचीला.